पालथा घातलेला अ‍ॅम्प

या, असे जवळ सरका. पाठीमागच्यांनी वायरी ओलांडून या, तुडवू नका. गिटार भिंतीला टेकवू नका, घसरते, मांडीवर घ्या. मघापासून तुमचं चाललंय, "काका, किती वॅटचा अ‍ॅम्प घेऊ? स्पीकर दहा इंची बरा की पंधरा? तारा कुठल्या लावू?" सांगतो. पण आधी एक गोष्ट ऐका, कीर्तनाची आहे. ती संपेपर्यंत अर्धे प्रश्न तुम्हीच मागे घ्याल.

हा माझा छोटा अ‍ॅम्प बघा. पुढची जाळी चेपलीय, कडेचा रंग खरवडलाय. तुम्हाला वाटत असेल, प्रवासात पडला. पडला नाही. भरल्या चर्चमध्ये, पाळकसाहेबांच्या देखत, मीच तो पालथा घातला. तोंड जमिनीकडे करून. आणि तसाच वाजवला.

शांतिपूरला चर्चचा शतकमहोत्सव होता. शांतिपूर म्हणजे नगरहून नेवाशाकडे जाताना आत वळलं की लागतं ते आमचं गाव. मी तेव्हा नगरच्या एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचो आणि माझ्याकडे एक थोरला अ‍ॅम्प होता. पंधरा इंची दोन स्पीकरचं कपाट, खाली चाकं, वर बटणांचं डोकं वेगळं. महोत्सवाच्या आदल्या दिवशी टेम्पोतून तो उतरवायला चौघं लागले.

"आमोस, फ्रीज आणलास का रे?" उजागरे सर म्हणाले. सर शाळेचे हेडमास्तर आणि चर्चच्या पंच कमिटीचे सेक्रेटरी. गावात लग्न असो की मौत, मांडव सरांच्या शब्दाशिवाय उभा राहायचा नाही.

"बेसचा अ‍ॅम्प आहे सर."

"वाजव बरं."

वेदीसमोर सागवानी फळ्यांचा जुना चौथरा आहे, आतून पोकळ. त्याच्या पायथ्याशी कपाट लावलं आणि जाड तार सोडली. काय सांगू! खिडक्यांच्या काचा थरथरल्या, कौलाच्या आढ्यावरचं कबुतर उडून थेट बाहेर गेलं. सरांनी छातीवर हात ठेवला.

"व्वा! इथं बसतंय, इथं! शेवटच्या बाकापर्यंत पोचलं पाहिजे हे."

साउंडवाले गुलाबभाई वायर गुंडाळत उभे होते. ते म्हणाले, "सर, आमोसभाई वाजवतायत तवर जरा माइकवर बोला की."

सर माइकवर गेले. मी वाजवत राहिलो. सरांचे ओठ हलताना दिसले, शब्द एक कळला नाही. सगळं चर्च नुसतं घूं-घूं करत होतं.

"काय बोलले सर?" गुलाबभाईंनी मला विचारलं.

"काय माहीत!"

"तेच म्हणतोय मी. दगडी भिंती आहेत. खर्ज इथं पाण्यासारखा साचतो. गाण्याला ठीक आहे. पण उद्या कीर्तन आहे ना? कीर्तनात शब्द गेला तर मग राहिलं काय?"

सरांनी माइक ठेवला. घसा खाकरला. मग मला बाजूला घेऊन गेले.

"कीर्तनाचंच बोलायचं होतं. करुणाबाई तुझी आत्या. तुला वाईट वाटेल, पण ऐक. नाताळात त्यांचं कीर्तन झालं, तेव्हा सूर सुटला. एकदा नाही, वरचेवर. पोरं हसली. पाहुण्या मंडळीत कुजबुज झाली. उद्या बाहेरून लोक येणार आहेत, पंचांचं म्हणणं पडलं की कीर्तन नकोच. मी म्हटलं, तसं नको. त्यांनी या चर्चमध्ये उभं आयुष्य कीर्तन केलंय. पूर्वरंग ऐकू. सूर लागला तर पुढं आख्यान. नाही लागला, तर हार घालू, सन्मान करू आणि तरुण संघाची गाणी सुरू करू. म्हणून तर तुझं हे कपाट मागवलंय."

"तिला सांगितलंत?"

"मी?" सर दचकले. "मी कसं सांगू? त्यांनी मला बाप्तिस्म्याच्या वर्गात शिकवलंय."

करुणाआत्यानं मला काय शिकवलं ते विचारूच नका. माझी आई लवकर गेली, मी आत्याच्या घरी वाढलो. मला शास्त्र कळलं ते पुस्तकातून नाही, तिच्या कीर्तनातून कळलं. पांढरी साडी, पदर कमरेला खोचलेला, हातात झांजा, पाय अनवाणी. "पवित्र जागेवर वहाण कशाला?" म्हणायची. तिनं वादळाचं आख्यान लावलं की पुढच्या बाकावरच्या बाया पदर सावरून घ्यायच्या. मी जगातली बरीच वाद्यं ऐकली पोरांनो. माणूस उभा राहून गातो, थांबतो, हसवतो, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आणून पुन्हा गायला लागतो, असं वाद्य दुसरं नाही.

तिच्या घरी गेलो तेव्हा दुपार कलली होती.

"आलास का आमोश्या? केस कापायला सुट्टी देत नाहीत का तुझे ऑर्केस्ट्रावाले?"

"फॅशन आहे आत्या."

"असेल. मेंढरंसुद्धा वर्षातून एकदा कातरतात म्हटलं."

शिमोनमामा, म्हणजे आत्याचे यजमान, पेटी पुसत बसले होते. तिच्या प्रत्येक कीर्तनात पेटीवर तेच. मामा बोलायचे कमी. बोलायचं ते आत्याच बोलायची, दोघांच्या वाट्याचं.

कोपऱ्यात माझा हा छोटा अ‍ॅम्प होता. मी शिकत असतानाचा, मी नगरला गेल्यावर तिच्याकडेच राहिला. त्याच्यावर आता लोणच्याची बरणी होती.

"माझ्या अ‍ॅम्पवर लोणचं?"

"मग काय त्याला नुसता बसवून खाऊ घालू? चार वर्षं झाली, एक दिवस काम केलं नाही त्यानं."

मामांनी भाता हलवला. तिचा सूर काळी पाच. तिनं झांज उचलली आणि हरवलेल्या मेंढराच्या आख्यानातली ओवी सुरू केली. ही तिची स्वतःची रचना:

कळप निजे कुंपणात, एक मात्र नाही ।
धनी माझा काट्याकुट्यांत पाऊल टाकत जाई ॥

पहिली ओळ नीट आली. दुसरीला सूर खाली घसरला, थोडा, पण कानाला टोचेल इतका. मामांनी भाता जोरात हाणला. ती आणखी भरकटली. मामांच्या कपाळावर घाम आला.

"तुमची पेटी आज कुजबुजतेय का हो?" ती त्यांच्यावर खेकसली.

पेटी कुजबुजत नव्हती. पेटी अंगणात ऐकू जात होती. मी मामांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

वातावरण हलकं करावं म्हणून मी बरणी उतरवली. "चल आत्या, याला कामाला लावू." जमिनीवर जागा नव्हती, म्हणून अ‍ॅम्प लाकडी दिवाणावरच ठेवला. त्याच दिवाणाच्या दुसऱ्या टोकाला ती बसली होती. बेस जोडला, जाड तारेच्या सहाव्या पडद्यावर तिचा षड्ज धरला आणि हळू सोडला.

आत्या एकदम ताठ झाली. झांज मांडीवर ठेवली. पुन्हा गायली. आणि दुसरी ओळ जिथं जायला हवी होती तिथं जाऊन, पाटावर बसावी तशी बसली.

"पुन्हा धर तोच," ती म्हणाली.

मी धरला. ती गायली. मग उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली, शहाबादी फरशीवर, आणि तिथून गायली. सूर सुटला. परत येऊन दिवाणावर बसली. सूर लागला. मामांनी चष्मा काढून धोतरानं पुसायला घेतला, आणि तो काही केल्या पुसून होईना.

तिथं त्या दोघांनी मला एक गोष्ट सांगितली आणि तोंड बंद ठेवायची शपथ घातली. ती गोष्टही सांगेन, पण तिच्या जागेवर. आत्ता एवढंच ऐका. निघताना आत्या म्हणाली, "उद्या माझ्या मागं हा डबा लाव. कपाट नको. आणि मी उभी राहते त्याच फळ्यांवर ठेव, खुर्चीवर नको, स्टुलावर नको."

"उजागरे सर कपाटासाठी अडून बसलेत."

"त्याला सांग, करुणाबाई म्हणाल्या, कपडे ठेवायला वापर."

डबा घेऊन मुक्कामी आलो, सरांना तसा निरोप पाठवला आणि बेस तयार केला. एरवी कार्यक्रमाच्या आधी मी नव्या तारा लावायचो. नवी तार चमकते, खणखणते. त्या दिवशी जुन्याच ठेवल्या, घामानं मळलेल्या. जुन्या तारेची चमक मरते आणि खालचा गोल आवाज तेवढा राहतो. मला तोच हवा होता. अ‍ॅम्पवरचं वरच्या आवाजाचं बटण शून्यावर आणलं. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळची उपासना झाली, जेवणं झाली. मी डबा काखेत मारून चर्चमध्ये शिरलो आणि दारातच थांबलो.

चौथऱ्यावर गालिचा होता.

साधासुधा नाही. लालभडक, बोट बुडेल एवढा जाड, आणि खाली गुबगुबीत गादीचा थर. चौथरा या टोकापासून त्या टोकापर्यंत झाकलेला. एका कोपऱ्यात प्लॅस्टिकची खुर्ची.

"कसा काय?" उजागरे सर हात मागं बांधून उभे होते. "आमच्या पोरीच्या, मीनाच्या लग्नातला. कुणाला पाय लावू दिला नव्हता. नाताळात बाई थंड फळ्यांवर अनवाणी उभ्या होत्या, मला फार वाईट वाटलं रे. आणि ती खुर्ची तुझ्या डब्याला. तू काल निरोप पाठवलास तसा लहान तर लहान, पण लोकांना दिसायला तरी हवा."

आता ती गोष्ट सांगायची जागा आली.

आत्याला ऐकू येत नव्हतं. ठार बहिरी नव्हती, पण वरचे आवाज गेले होते आणि मधलेही चालले होते. समोर बसून बोललं तर ओठांवरून ताडायची. पेटीचा सूर चर्चच्या घुमण्यात तिला सापडायचाच नाही. दोन वर्षं ही गोष्ट फक्त मामांना ठाऊक होती. मामा पेटी अशी सरकवून ठेवायचे की तिची टाच पेटीच्या लाकडाला टेकावी. मंडळीला वाटायचं, काय बाई या वयात नवराबायकोचं प्रेम! ती त्या टाचेवर गात होती. पण पेटीची थरथर ती केवढीशी! आणि कीर्तनकार एका जागी उभा राहतो होय? दोन पावलं पुढं गेली की सूर गेला. बेसचा खर्ज मात्र लाकडातून धावतो. आदल्या दिवशी दिवाणावर तो तिच्या अंगात शिरला. खालचा आवाज कानाला अजून थोडा येत होता, बाकीचा तळव्यांनी पुरवला, आणि दोन्ही मिळून तिला तिचा सूर परत मिळाला.

"मंडळीला कळू द्यायचं नाही," ती म्हणाली होती. "कळलं की माझं कीर्तन ऐकणार नाहीत, माझी कीव ऐकतील. मी गेल्यावर सांग हवं तर."

आणि आता फळ्या आणि तिचे पाय यांच्यामध्ये मीनाच्या लग्नाचा गालिचा.

"सर, हा काढू या का?" मी म्हणालो.

"का?"

काय सांगणार! "आवाज... आवाज खातो गालिचा."

"मग बरंच आहे की. कालच गुलाबभाई म्हणत होते, आवाज फार घुमतो म्हणून." सरांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. "काळजी करू नकोस. बाईंचा मान आहे हा."

मान! माणसाला मानानं किती अडवता येतं ते त्या दिवशी कळलं. मी कशीबशी खुर्ची बाजूला केली आणि डबा गालिच्यावरच, मागच्या कडेला ठेवला. दुसरी जागाच नव्हती.

उन्हं खिडक्यांतून तिरपी आत आली होती तेव्हा आत्या चौथऱ्यावर चढली. बाक भरलेले, दारातही माणसं. तिनं प्रार्थना केली, झांज वाजवली, मामांनी पेटी भरली, तबला लागला. मी षड्ज धरला. तिनं एक पाऊल टाकलं आणि खाली पाहिलं. गालिच्याकडे. मग माझ्याकडे.

मी बटण वाढवलं. साउंडवाल्यांच्या मोठ्या स्पीकरमधूनही माझा आवाज बाहेर जात होता, चर्च घूं-घूं करायला लागलं आणि तिकडून गुलाबभाईंनी हात हलवला, कमी, कमी. कमी केला. तिच्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं, आणि जे लोकांपर्यंत पोचत होतं ते तिचेच शब्द बुडवत होतं.

पूर्वरंग सुरू झाला. बोलण्यात ती वाघीण होती, पण गायला लागली आणि सूर सुटला. मग आणखी सुटला. तिच्या पायांची बोटं त्या लाल लोकरीत रुतत होती, अंधारात चप्पल शोधावी तशी. पाठीमागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. पाहुण्यांतल्या एका बाईंनी शेजारणीकडे पाहून भुवई उडवली. तरुण संघाची पोरं उठून भिंतीकडेनं कपाटाजवळ जाऊन उभी राहिली. मामांची बोटं पेटीवर पांढरी पडली होती.

पूर्वरंग संपला की हार घालायचा आणि मंडळीनं एक भजन म्हणायचं, अशी रीत. भजन झालं. उजागरे सर हार घेऊन वर आले. चेहरा पडलेला. त्यांनाही ते करायचं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. त्यांनी हार घातला, आणि वाकून तिच्या कानाशी, अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बाई, आज तुम्ही थकलात. इथंच थांबू या. सन्मानानं थांबू."

मी दोन हातांच्या अंतरावर बसलो होतो, मला स्पष्ट ऐकू आलं. मामांनाही आलं. त्यांनी भाता मिटला.

आणि आत्यानं हसून मान डोलावली! हार नीट केला, माइक हातात घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"मंडळी, उजागरे सर माझ्या कानात काय म्हणाले ते सांगू का?"

सरांचा रंग उडाला.

"सर म्हणतायत, बाई, गालिचा आवडला का?"

सगळे हसले. सर तोंड उघडून उभे. मी मामांकडे पाहिलं, मामांनी माझ्याकडे. तिला एक अक्षर ऐकू गेलं नव्हतं! थांबा म्हणून सांगणारा माणूस थांबा म्हणाला, आणि ते तिच्यापर्यंत पोचलंच नाही. ज्या कानांनी तिचा सूर नेला, त्याच कानांनी तिचं आख्यान वाचवलं. याला कृपा नाही म्हणायचं तर काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

"फार आवडला," ती पुढं म्हणाली. "पण सर, तुम्हाला माहीत आहे, मी वहाणा दारात काढते. आणि तुम्ही मला या टोकापासून त्या टोकापर्यंत एवढी थोरली, मऊ, लाल वहाण घातलीत! आता हिच्यातून पाय बाहेर कसा काढू? मेंढपाळ काट्याकुट्यांतून निघालाय, आणि त्याची गोष्ट सांगणारी गादीवर? मंडळी, शोभेल का?"

"नाही!" पुढच्या बायांनी एका सुरात सांगितलं.

"मग सर, धरा ते टोक. माझ्या मीनाचा गालिचा आहे, मळता कामा नये."

भरल्या चर्चसमोर माणूस काय करील? उजागरे सरांनी टोक धरलं. मामांनी दुसरं धरलं. या वयात मामा इतके चपळ मी कधी पाहिले नव्हते. तबलेवाला तबला घेऊन उठला, मी डबा उचलला, आणि तो लालभडक गालिचा गुंडाळत गुंडाळत खाली गेला. फळ्या उघड्या पडल्या, जुन्या, काळसर, मधोमध तिच्याच पायांनी झिजलेल्या.

मी डबा फळ्यांवर ठेवला. मग मनात आलं, याचं तोंड लोकांकडे का? लोकांना माझी गरज काय? मी त्याला उचललं आणि पालथं घातलं. जाळी करकचली. चर्चमध्ये पुन्हा हशा. कुणीतरी म्हणालं, "डबा नमाज पढतोय का, गुलाबभाई?"

"पढू दे," गुलाबभाई म्हणाले. "सगळ्यांचा ऐकणारा एकच आहे."

मी त्यांच्याकडे पाहून गळ्यावरून आडवी बोटं फिरवली, म्हणजे मला मोठ्या स्पीकरमधून काढून टाका. त्यांनी भुवया वर केल्या, पूर्ण? मी मान हलवली, पूर्ण. त्यांनी माझं बटण शून्यावर नेलं.

मग जाड तार, सहावा पडदा. हळू. चौथऱ्याच्या पोकळीनं तो सूर घेतला, आणि माझ्या मांडीखाली फळी मांजरासारखी गुरगुरायला लागली.

आत्यानं डोळे मिटले. पायाची बोटं पसरली. चेहऱ्यावर जे आलं ते मी तिच्या घरी वाढताना शेकडो वेळा पाहिलं होतं, शाळेतून आम्ही सगळी पोरं घरी पोचलो की यायचं ते.

आणि ती गायली. कळप निजे कुंपणात, एक मात्र नाही. अचूक. चौथऱ्याच्या डाव्या टोकाला गेली, अचूक. उजव्या टोकाला जाऊन, पाठमोरी होऊन, मेंढराला हाक घातली, अचूक. ती मेंढपाळ झाली, मेंढरू झाली, "एका मेंढरासाठी कशाला जातोस?" म्हणणारी शेजारीण झाली. हशा पिकला. मग ती थांबली. झांजा एकमेकींवर टेकवल्या. आणि असं काही बोलली की ते तिच्या आख्यानात आधी कधीच नव्हतं.

"मंडळी, रान मोठं होतं. वारा होता. मेंढपाळाची हाक वाऱ्यानं नेली. मेंढराला काही ऐकू येईना. ते काट्यात पडून राहिलं, म्हणालं, संपलं. मग त्याला ठाऊक कसं झालं, धनी आलाय म्हणून? सांगा. हाक तर पोचलीच नाही." ती थांबली. एक पाय उचलून फळीवर हलकेच टेकवला. "जमिनीतून. बाबांनो, जमिनीतून. हाक वारा नेतो, पण पाऊल जमिनीतून येतं. आणि ज्याला वाटतं आपल्याला आता काही ऐकू येत नाही, त्यानं वहाणा काढून उभं राहावं. धनी निघालेला असतो."

मामांची पेटी एक क्षण बंद पडली. तबल्याला वाटलं, मुद्दाम थांबले. मी मात्र तार सोडली नाही. माझ्या डोळ्यांपुढं पडदे दिसत नव्हते, पण एकाच पडद्यावर बोट होतं, त्याला डोळे लागत नाहीत.

शेवटच्या भजनाला पूर्ण चर्च उभं राहिलं. मघाशी भुवई उडवणाऱ्या बाई डोळे पुसत टाळ्या देत होत्या. तरुण संघाची पोरं कपाटाला टेकून भजन म्हणत होती, गाणी सुरू करायची आठवणही कुणाला राहिली नाही.

लोक पांगल्यावर उजागरे सर आले. गुंडाळलेला गालिचा खांद्यावर, डोळे लाल.

"बाई," ते म्हणाले आणि हात जोडले. मग माझ्याकडे वळले. "आमोस, कीर्तन काय झालं रे! असं ऐकलं नव्हतं. पण तुझं वाईट वाटतं. तू वाजवलंस ते काहीच ऐकू आलं नाही. अ‍ॅम्प बिघडला का?"

"हो सर. तोंडावर पडला."

"म्हणून म्हणत होतो, मोठा लाव! अरे, कुणालाच ऐकू आला नाहीस तू!"

"कुणालाच नाही?"

"एकालाही नाही."

पोरांनो, मी पुढं खूप वाजवलं. मैदानं भरलेली पाहिली, माझ्या कपाटानं छात्या हादरताना पाहिल्या. पण "एकालाही ऐकू आलं नाही" ही शाबासकी मला दुसऱ्यांदा कुणी दिली नाही. तेव्हा ताठ झालेली ही मान अजून खाली आली नाही.

सर गेल्यावर मी आत्याजवळ गेलो आणि तिच्या समोर उभा राहून, ओठ दिसतील असं, विचारलं, "सूर कसा होता?"

ती चौथऱ्याच्या कडेला बसली. एक पाऊल उचलून मांडीवर घेतलं आणि तळवा चोळला.

"अजून झिणझिण्या आहेत मेल्या," ती म्हणाली. "डबा उद्या घरी आण. लोणच्याची बरणी खाली ठेवलीय मी."

त्यानंतर ती कितीतरी वर्षं कीर्तनं करत राहिली. मी ऑर्केस्ट्राच्या तारखा तिच्या तारखा बघून घ्यायचो. गावोगावी हा डबा पालथा पडला. लोकांना वाटायचं, भाच्याला वाजवता येत नाही, आत्या सांभाळून घेते. आम्ही तिघं परतीच्या वाटेवर त्यावर हसायचो. मामा आधी गेले, मग ती. शेवटपर्यंत गात होती, आणि शपथ तिनंच घातलेली, तिनंच सोडवलेली आहे, म्हणून आज सांगितलं.

तर आता तुमचे प्रश्न. वॅट किती? दुकानदार विचारील तेव्हा आधी स्वतःला विचारा, हा आवाज कुणासाठी. भिंती दगडी आहेत की कापडी, खाली माती आहे की फळी, ते हात लावून बघा. जुन्या तारा टाकून देऊ नका. आणि कधी चौथऱ्यावर कुणी गाणारं माणूस भरकटताना दिसलं, तर आवाज वाढवायच्या आधी त्याच्या पायांकडे बघा.

चला, जोडा वायरी. वाजवण्याआधी प्रार्थनेत डोळे मिटाल, तेव्हा माझ्या करुणाआत्याची आठवण करा. आणि करताना वहाणा काढा.